चौथी-पाचवीतल्या मुलांना वाचता येत नाही: तालुक्याने नेमके काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत तिसरी ते पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही. प्रशिक्षणे झाली, साहित्याच्या पेट्या आल्या, ॲपवर माहिती भरून झाली, पण वर्गात फरक दिसत नाही. येत्या वर्षी सगळी ताकद एकाच गोष्टीवर लावायची तर कशावर लावावी, आणि ती कशी राबवावी?

रोजच्या एका तासावर लावा. सगळ्या शाळांत एकाच वेळी येणारा, कोणत्याही कारणाने न मोडणारा एक तास, ज्यात मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता त्याला आज जे येते तिथून पुढे शिकवले जाते. बाकी सगळे, म्हणजे प्रशिक्षण, साहित्य, भेटी, नोंदी, या तासाच्या सेवेला लावायचे. तो तास उभा राहिला नाही तर त्या बाकी गोष्टींनी काही होत नाही, हे अनेक ठिकाणी तपासून झालेले आहे.

बिहारमधला २००८ ते २०१० या काळातला अनुभव यासाठी समजून घेण्यासारखा आहे. तिथे एका गटातल्या सरकारी शिक्षकांना 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य दिले. वर्षभराने मोजले तेव्हा मुलांच्या वाचनात म्हणावी अशी वाढ नव्हती. मात्र सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी सुट्टीत महिनाभराचे वर्ग घेतले तिथे मुले स्पष्टपणे पुढे गेली. सुट्टीत पाठ्यक्रम संपवायचा नव्हता, त्यामुळे शिक्षक मुलाच्या पातळीवर शिकवायला मोकळा होता. शाळा सुरू झाली की तोच शिक्षक पाचवीचा धडा पाचवीतल्या सगळ्यांना शिकवू लागतो, कारण व्यवस्था त्याला तेच विचारते. पुढे हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेच्या वेळेतच एक तास बाजूला काढला, तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता मोडून पातळीप्रमाणे बसवली आणि पर्यवेक्षकांनी आधी स्वतः काही दिवस वर्गात शिकवून पाहिले. तिथे नेहमीच्याच सरकारी शिक्षकांकडून वाचन सुधारले. शिक्षकाची क्षमता कमी पडत नव्हती. त्याला तसे शिकवायला वेळ आणि परवानगी नव्हती.

परवानगी कायद्यातच आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ मधल्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यातले एक. त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य आहे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे पूरक शिक्षण देणे. आपल्याकडे तपासणी पहिल्याची होते, दुसरे वाचलेच जात नाही. म्हणून तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीला एक पानाचे पत्रक काढावे आणि त्यात स्वच्छ लिहावे: या तासात पाठ्यपुस्तक बंद राहील, आणि या तासामुळे भाषेचे दोन-तीन धडे मागे पडले तर कोणत्याही भेटीत शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही. हे शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. ते लेखी नसेल तर पहिला विस्तार अधिकारी येऊन "धडा कितवा चालू आहे?" विचारेपर्यंतच उपक्रम टिकतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास अध्यापन. त्यातला एक तास भाषेला. गणितालाही हीच पद्धत लावायची असेल तर आणखी अर्धा तास, पण दोन्ही एकदम सुरू करू नका. भाषेचे गट नीट बसायला तीन-चार आठवडे लागतात. त्यानंतर गणित घ्या.

हा तास परिपाठानंतर लगेच ठेवा. पोषण आहारानंतर ठेवला की भांडी, पाणी, नोंदवही यांत पंधरा मिनिटे जातात आणि एका तासाची पाऊण तास, मग अर्धा तास अशी घसरण होते. तालुकाभर वेळ एकच असल्याचा आणखी एक फायदा: त्या वेळेत बैठक बोलवायची नाही, माहिती मागवायची नाही, फोन करायचा नाही, हे कार्यालयालाही बांधून घेता येते.

पहिली चाचणी: दोन सकाळींचे काम

चाचणी तोंडी, एकेका मुलाची, बाकीच्या मुलांपासून दूर बसवून. लेखी पेपरवरून वाचन कळत नाही. शेजारच्याचे पाहून लिहिणारे मूल सुटून जाते. एका पानावर अक्षरे, साधे शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट असावी. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीची २००५ पासून चालत आलेली रचना हीच आहे आणि ती बदलण्याची गरज नाही.

सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल वाक्यासारखे सलग वाचते आणि तीनपेक्षा जास्त चुकत नाही, तर त्याला गोष्ट द्या. अडखळले किंवा तीनहून अधिक चुकले तर शब्दांवर या. मुलाला आवडतील ते पाच शब्द वाचू द्या, चार बरोबर आले तर ते शब्द पातळीवर. नाही आले तर पाच अक्षरे, चार बरोबर आली तर अक्षर पातळी. तीही नाही आली तर प्रारंभिक. अक्षरांपासून सुरुवात केली तर मूल थकते आणि खालच्याच पातळीवर नोंदले जाते.

एका मुलाला तीन ते पाच मिनिटे लागतात. ६० मुलांना धरा चार तास, म्हणजे दोन शिक्षकांच्या दोन सकाळी. उतारे किमान चार वेगवेगळे ठेवा. एकच कागद असेल तर दहावे मूल येईपर्यंत उतारा ओसरीत पाठ झालेला असतो.

आता कळीचा मुद्दा: चाचणी स्वतःच्या शाळेतल्या शिक्षकाने घेऊ नये. शेजारच्या शाळेतल्याने घ्यावी, केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या पर्यवेक्षकांनी, अदलाबदल लावून द्यावी. शिक्षकावर अविश्वास म्हणून नव्हे. आपल्या मुलाला आपण नकळत ओठांची हालचाल दाखवतो, पहिले अक्षर सुचवतो, "येतं रे तुला" म्हणतो. मायेपोटी होणारी ही मदत आकडा बिघडवते आणि मूल चुकीच्या गटात जाते. तिथे त्याला काहीच कळत नाही.

गट तीनच, आणि द्विशिक्षकी शाळेत ते कसे बसवायचे

पातळ्या पाच असल्या तरी गट तीन करा: प्रारंभिक व अक्षर मिळून एक, शब्द दुसरा, परिच्छेद व गोष्ट मिळून तिसरा. पाच गट कागदावर छान दिसतात, वर्गात सांभाळता येत नाहीत.

"आमच्याकडे दोनच शिक्षक, गट कसे पाडणार?" ही अडचण खरी आहे, कारण कायद्याच्या निकषात ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. समजा पहिली ते पाचवीचा पट ५८ आहे. पहिली-दुसरीत २०, तिसरी ते पाचवीत ३८. चाचणीनंतर त्या ३८ पैकी १२ अक्षर गटात, ११ शब्द गटात, १५ परिच्छेद गटात आली. एका शिक्षकाने पहिली-दुसरी आणि अक्षर गट एकत्र घ्यावा, म्हणजे ३२ मुले. काम जवळपास सारखेच असते. मोठ्या मुलांना लहानांत बसण्याचा संकोच वाटू नये म्हणून त्यांचे गोल वेगळे ठेवा, फळा व तक्ता एकच. दुसऱ्या शिक्षकाकडे शब्द आणि परिच्छेद मिळून २६. त्यातला परिच्छेद गट तासातली वीस-पंचवीस मिनिटे जोडीने, स्वतः वाचू शकतो. तेवढा वेळ शिक्षक शब्द गटासोबत बसतो.

चांगला, अनुभवी शिक्षक अक्षर गटाला द्या. बहुतेक शाळांत उलटे होते: मुख्याध्यापक परिच्छेद गट घेतात, कारण ती मुले बोलकी आणि ऐकणारी, आणि अक्षर गट नव्या शिक्षकाकडे किंवा स्वयंसेवकाकडे जातो. सगळ्यात अवघड काम सगळ्यात कमी तयारीच्या माणसाकडे गेले की तीन महिन्यांनी तो गट आहे तिथेच सापडतो.

गटांना ढ-हुशार सुचवणारी नावे नकोत, आणि अ-ब-क तर नकोच. नदी, झाड, डोंगर असे काहीही चालेल. मुलांना पातळी कळतेच, पण ती दर तीन आठवड्यांनी बदलते हेही कळले की लाज उरत नाही.

तासाच्या आत काय होते

अक्षर गटाचा तास उदाहरणादाखल घेऊ. पहिली दहा मिनिटे गप्पा: काल पाऊस कुठे साचला, बैलाला काय खायला घालतात. मुलाला स्वतःच्या बोलीत बोलू द्या. गप्पांतले दोन-तीन शब्द फळ्यावर लिहा. पुढची दहा मिनिटे शिक्षक चार ओळींचा परिच्छेद शब्दाखाली बोट फिरवत दोनदा वाचतात, मग एकेक मूल येऊन तसेच बोट फिरवत वाचते. या टप्प्यावर ते पाठ म्हणत असते, चालेल. छापलेला शब्द आणि बोललेला शब्द यांची जोडी त्याच्या डोक्यात तयार होत असते. मग पंधरा मिनिटे बाराखडीचा तक्ता, पंधरा मिनिटे शब्दांचे खेळ आणि शेवटची दहा मिनिटे लिहिणे. लिहिणे वगळू नका. वाचताना निसटलेले अक्षर लिहिताना पकडले जाते.

आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी क, ख, ग, घ या क्रमाने सगळी मुळाक्षरे संपवून मगच काना सुरू होतो. तोपर्यंत मुलाला अर्थाचा एकही मोठा शब्द मिळत नाही, आणि ते अक्षरे ओवीसारखी म्हणायला शिकते. त्याऐवजी म, क, र, ल, न, स, प, ब ही आठ अक्षरे आणि काना घ्या. पहिल्या आठवड्यातच काम, कान, पान, नाक, रान, साप, सामान, मसाला इतके शब्द हातात येतात. त्यानंतर दुसरी वेलांटी, मग एक मात्रा, काना-मात्रा, मग उकार. पहिली वेलांटी थोडी उशिरा घ्या, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो. 'किती' वाचताना मूल अडते ते इथे.

नेमके कुठे अडते हे ओळखण्यासाठी मुलाच्या तोंडाकडे आणि बोटाकडे एकदम पाहावे लागते. 'करवत' हा शब्द घ्या. मूल बोट ठेवत म्हणते, क… र… व… त. चारही अक्षरे बरोबर. "काय झालं?" विचारले की गप्प. मराठीत आपण 'कर-वत' असे दोन ठोक्यांत बोलतो, आतल्या अक्षरांचा 'अ' गिळतो. मुलाने मात्र चार सुटे आवाज काढले, त्यांतून ऐकलेला शब्द जुळत नाही. अशा मुलाला आणखी अक्षरे देऊन उपयोग नाही. त्याला दोन-दोन अक्षरे एका दमात म्हणायची सवय लागते: कर, वत, करवत, सर, पण, सरपण. आठवडाभर असे तुकडे केले की गाठ सुटते. शिक्षकाने नोंदवहीत फक्त 'शब्द वाचता येत नाही' लिहिले तर ही गाठ कधीच दिसत नाही.

दुसरी गाठ दिसण्यातली. भ-म, घ-ध, थ-य, प-ष यांत गोंधळ होतो आणि 'ख' हे 'रव' वाटते. ही अक्षरे एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्के झाल्यावर आठ-दहा दिवसांनी दुसरे आणा, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला लावा.

शब्द गटाची अडचण बहुतांशी जोडाक्षरांची असते, आणि त्यांतही 'र'ची. चक्र, ट्रक, सूर्य, वाऱ्यावर: एकच र चार रूपांत येतो, आणि रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण आधी उच्चारला जातो. दंड काढून जोडली जाणारी अक्षरे आधी घ्या, म्हणजे गोष्टीत सारखी येणारी म्हणाला, त्याच्या, पुस्तक. 'र'ची रूपे शेवटी, एकेक करून.

परिच्छेद गटाने भरपूर वाचायचे, एवढेच. गटात २०-२५ वेगवेगळी छोटी पुस्तके फिरती हवीत आणि वाचल्यावर तोंडी दोन प्रश्न हवेत, त्यातला एक उत्तर थेट पानावर नसलेला.

वेगाबद्दल एक सावधगिरी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या, पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द असे लक्ष्य आहे. वेग हवाच, कारण वाक्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली तर अर्थ लागत नाही. पण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'घरासमोरच्या झाडावरून' हे मोजायला दोन शब्द, वाचायला अकरा अक्षरे. म्हणून उतारा बदलला की आकडा बदलतो. दोन चाचण्यांची तुलना करायची तर उताऱ्यांची लांबी आणि जोडाक्षरांची संख्या जवळपास सारखी ठेवा, आणि मुलांच्या हाती घड्याळाची शर्यत देऊ नका.

गणिताचे थोडक्यात. तिथली मुख्य अडचण स्थानिक किमतीची आहे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे प्रत्येक गटाला हवेत, आणि हातच्याची वजाबाकी गठ्ठा प्रत्यक्ष सोडून झाल्याशिवाय वहीवर येऊ नये.

वर्षाचे वेळापत्रक

जूनचा उत्तरार्ध प्रवेश आणि पुस्तकांत जातो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात चाचणी घ्या, लगेच गट पाडा. पहिली फेरी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर; सण-सुट्ट्या वजा जाता सुमारे ५० दिवस मिळतात. साधारण दर २० कामाच्या दिवसांनी पुन्हा चाचणी आणि गट बदल. हा बदल चुकला की गट गोठतात, आणि मग पातळीनुसार शिकवणे म्हणजे मुलांना कायमचे वेगळे बसवणे होऊन बसते. दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, फेब्रुवारीअखेरपर्यंत.

ऊसतोडीचा पट्टा असेल, बीडसारखा, तर पहिली फेरी अधिक दाट करा. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबे निघतात आणि दुसऱ्या फेरीला सगळ्यात गरजू मुले वर्गात नसतात. अशा गावांत जुलै ते सप्टेंबर दिवसाला दीड तास भाषेला देणे योग्य ठरते.

केंद्रप्रमुखाची भेट

उपक्रम कुठे जगतो आणि कुठे मरतो हे केंद्रावर ठरते. केंद्रप्रमुखाने आणि विषय साधनव्यक्तीने (शिक्षकांना विषयात मदत करणाऱ्याने) आधी स्वतः कोणत्याही एका शाळेत १५ दिवस अक्षर गट घ्यावा. न शिकवलेला माणूस भेटीत फक्त रजिस्टर पाहतो, कारण दुसरे काय पाहायचे ते त्याला माहीत नसते.

भेट तासाच्या वेळेतच, सुरुवातीपासून. पहिली तीस-पस्तीस मिनिटे मागे बसून एकच गोष्ट पाहायची: किती मुलांनी स्वतः तोंड उघडून वाचले? गट २० चा आणि तासात चारच मुलांनी वाचले, तर बाकीचे सगळे चांगले असूनही तास वाया गेला. मग केंद्रप्रमुखाने दहा मिनिटे एक कृती स्वतः घेऊन दाखवावी. शेवटी नोंदवहीतली पाच मुले चिठ्ठीने निवडून त्यांची पातळी पुन्हा तपासावी. एकाचा फरक आला तर समजण्यासारखे. दोन किंवा अधिक मुलांची पातळी नोंदीशी जुळली नाही, तर शाळेची चाचणी शेजारच्या शिक्षकाकडून पुन्हा, पुढच्याच आठवड्यात, कोणतीही नोटीस न देता. जाताना शिक्षकाला करायला एकच गोष्ट सांगावी. सात सूचनांचा शेरा कोणी अमलात आणत नाही.

केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा असतात. प्रत्येक शाळेला पंधरा दिवसांतून एक भेट द्यायची म्हटले तर आठवड्याला पाच ते आठ भेटी होतात. हे जमवायचे तर केंद्रप्रमुखाची टपालकी थांबवावी लागेल. त्याच्या टेबलावरचे अर्धे काम तालुका कार्यालयाच्या एका ऑपरेटरकडे वळवता येते, आणि ते वळवणे हा गटशिक्षणाधिकाऱ्याचा या उपक्रमातला सर्वांत मोठा वाटा आहे.

आकडे का फुगतात

वाचणाऱ्या मुलांची टक्केवारी शाळेच्या क्रमवारीला, गौरवाला किंवा कारवाईला जोडली की आकडे फुगतात. हा माणसांचा दोष कमी आणि रचनेचा जास्त आहे. अमेरिकेत २००१ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने चाचणीच्या गुणांवर शाळांचे भवितव्य टांगले. अटलांटा शहरात २००९ च्या चाचण्यांत शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचे राज्याच्या चौकशीत पुढे आले. २०११ च्या अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-अधिकारी होते. ज्या मुलांना मदत हवी होती ती कागदावर उत्तीर्ण झाल्यामुळे मदतीतून बाहेर पडली. सगळ्यात मोठे नुकसान हे होते.

याउलट ब्राझीलमधल्या सेआरा राज्याने २००७ मध्ये कायदा करून नगरपालिकांना मिळणाऱ्या करातला काही हिस्सा शिक्षणाच्या निकालांना जोडला, पण चाचणी राज्यानेच घेतली आणि सोबत वाचनाचे साहित्य व प्रशिक्षणही सगळ्या नगरपालिकांना दिले. मोजणारा वेगळा, शिकवणारा वेगळा, आणि मदत आधी. आपल्या तालुक्यात बक्षिसाचे पैसे वाटायचे नाहीत, पण मोजणारा वेगळा ठेवणे विनाखर्च जमते.

म्हणून शाळांची क्रमवारी लावू नका आणि टक्केवारीचे फलक तर मुळीच नकोत. शाळेत फक्त एक कागद ठेवा: मुलांची नावे उभी, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर आडवे, प्रत्येक चौकोनात पातळी. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, शिक्षकाने हा कागद समोर ठेवून न हललेल्या मुलांविषयी बोलावे. तालुक्याला पाठवायची माहिती एवढीच: तीन गटांत किती मुले, महिन्यातून एकदा. ॲपवर रोजचा फोटो मागितला की शिक्षकाची दहा मिनिटे फोटोत जातात आणि मुले फोटोसाठी बसायला शिकतात.

अपेक्षाही वास्तव ठेवा. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतली २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्के होती. ही चांगली वाढ मानली जाते. त्यामुळे तीन महिन्यांत '१०० टक्के प्रगत'ची घोषणा कुणी मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. अक्षर गटातली बरीचशी मुले एका फेरीत शब्द किंवा परिच्छेदापर्यंत पोहोचली तर फेरी यशस्वी समजावी.

पालक आणि समिती

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीतल्या निम्म्या जागा महिलांच्या. या समितीला शाळा विकास आराखड्यासोबत एकच ठोस काम द्या: तासाच्या वेळी आठवड्यातून एकदा शाळेत येऊन तास सुरू आहे का, ते पाहणे. निरक्षर आईलाही हे करता येते. घरी रोज दहा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचायचे आणि कोणीतरी ऐकायचे. ऐकणाऱ्याला वाचता आलेच पाहिजे असे नाही. अडखळणे आणि सलग वाचणे यातला फरक कानाला कळतो.

तरीही न हललेली मुले

दोन फेऱ्यांनंतर अक्षर गटात काही मुले उरतील. त्यांना तिसऱ्यांदा तेच शिकवण्याआधी कारण शोधा.

आधी डोळे आणि कान. फळ्यापासून लांब बसवल्यावर आणि जवळ बसवल्यावर वाचनात फरक पडतो का? पाठीमागून हळू आवाजात नाव घेतल्यावर मूल वळते का? शंका आली तर शाळा आरोग्य तपासणीच्या पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

मग घरची भाषा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, नंदुरबारकडे पावरी-भिली बोलणाऱ्या मुलाला अक्षर ओळखता येते, पण जुळवलेला शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. त्याच्यासाठी गप्पांचा वेळ दुप्पट करा, त्याच्या भाषेतले शब्द देवनागरीत लिहून तेच वाचायला द्या, आणि मराठी शब्द चित्र किंवा वस्तूसोबतच आणा.

हजेरी पाहा: पन्नासपैकी वीस दिवस आलेले मूल मागे राहिले तर ते पद्धतीचे अपयश नाही, आणि उपायही वेगळा आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाची सोय वेळेत मागा. तरीही ते आई-वडिलांसोबत गेलेच, तर निघताना त्याच्या दप्तरात एक कार्ड ठेवा: नाव, मूळ शाळा, आजची पातळी, पक्की झालेली अक्षरे, अडणारी अक्षरे. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला ते पाच मिनिटांत कळते. सोबत त्याच्या पातळीची दोन छोटी पुस्तके द्या, आणि ती परत आली नाहीत तर नोंदवहीत 'फाटली' लिहून विषय संपवा.

यातले काहीच लागू पडत नसेल, मूल रोज येते, बोलते चांगले, ऐकते, दिसते, तरी अक्षर आज येते आणि उद्या जाते, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता धरून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकाकडे त्याची नोंद करा. सोबत तुमचा तीन महिन्यांचा कागद जोडा. कोणत्या तारखेला कोणते अक्षर आले आणि कधी गेले, हे त्या शिक्षकाला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.